स्प्लिटरवाल्या फायबर लाईनचा लॉस कसा काढायचा

रावेरकडची केळीपट्ट्यातली लाईन धरू: ओएलटीपासून (कंपनीच्या टोकाचं, प्रकाश सोडणारं यंत्र) घरापर्यंत 8 किलोमीटर, वाटेत 1:4 आणि गावात 1:8 स्प्लिटर (एका फायबरमधला प्रकाश चार किंवा आठ वाटांत वाटणारा).

फायबरचा लॉस, म्हणजे वाटेत कमी होणारा प्रकाश, डीबीत (डेसिबल) मोजतात: 1310 नॅनोमीटर तरंगलांबीवर किलोमीटरला 0.35 डीबी, म्हणजे 2.8. खरा घास स्प्लिटर घेतो: 1:4 ला 7.3, 1:8 ला 10.5. (आठ वाटे केल्यावर 9 डीबी जाणारच, वरचा दीड स्प्लिटरचा स्वतःचा.) सहा स्प्लाइस (फायबरचे वितळवून केलेले जोड) 0.1 प्रमाणे 0.6, चार कनेक्टर 0.5 प्रमाणे 2. बेरीज 23.2.

जीपॉनच्या (अशा स्प्लिटरवाल्या फायबर इंटरनेटचा प्रकार) बी प्लस वर्गाला लॉसची मर्यादा 28 डीबी. दुरुस्तीसाठी 3 राखून ठेवा, तरी बसतं. ओएलटी +3 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) सोडत असेल तर घरी साधारण −20 दिसावं. मीटर 1490 नॅनोमीटरवर लावा, घराकडे येणारा प्रकाश त्याच तरंगलांबीचा असतो.

−26 दिसलं तर लगेच ओएलटीला दोष देऊ नका. जेसीबीने केबल तोडून तुकडा जोडला असेल तर दोन स्प्लाइस वाढतात, पण नीट मारले तर फक्त 0.2. बहुतेकदा हिरव्या एपीसी (तिरप्या टोकाच्या) कनेक्टरात निळा यूपीसी (सरळ टोकाचा) खुपसलेला असतो, नाहीतर टोकावर धूळ. आधी टोक पुसा, मग डब्यातला फायबरचा आवळलेला वेटोळा सैल करा.