व्हायकिंग रून्स शिकताय? या चुका टाळा

रून्सचा संच आता एका क्लिकवर घरी येतो. गुळगुळीत खडे, त्यांवर सोनेरी रेघा, मखमली पिशवी आणि घडी घातलेली एक चिठ्ठी: फेहू म्हणजे पैसा, उरुझ म्हणजे ताकद, राइधो म्हणजे प्रवास. सुरुवातीला उत्साहाने खडे काढले जातात, मग गाडी अडते. एकाच रूनचे तीन ठिकाणी तीन अर्थ सापडतात. खडा उलटा पडला तर काय समजायचं ते कळत नाही. कोरा खडा आला की नुसतीच धास्ती वाटते. या सगळ्या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. रून्स ही अक्षरं आहेत, उत्तर युरोपातल्या लोकांनी ती हजार वर्षांहून जास्त काळ लिहिण्यासाठी वापरली, ही ओळखच झालेली नसते. रून्सकडे आध्यात्मिक ओढीने येणाऱ्यांनी तर आधी हीच ओळख करून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

थोरला आणि धाकटा फुथार्क एकत्र करू नका

रून्सच्या वर्णमालेला फुथार्क म्हणतात. पहिल्या सहा अक्षरांवरून हे नाव पडलं. थोरल्या फुथार्कात 24 अक्षरं. डेन्मार्कमध्ये विमोसे इथे सापडलेल्या साधारण इ.स. 160 च्या कंगव्यावर 'हार्या' एवढा एकच शब्द या अक्षरांत कोरलेला आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या किल्व्हेरच्या दगडावर, सुमारे इ.स. 400 मध्ये, सगळी वर्णमाला ओळीने कोरलेली दिसते. व्हायकिंग काळ मात्र बराच नंतरचा, ढोबळमानाने 793 ते 1066. तोवर स्कँडिनेव्हियात अक्षरं घटून 16 झाली होती. हा धाकटा फुथार्क. डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ राजाने सुमारे 965 मध्ये येलिंगला उभारलेला दगड याच अक्षरांत आहे. म्हणजे बाजारात 'व्हायकिंग रून्स' म्हणून मिळणारा 24 खड्यांचा संच मुळात व्हायकिंगांच्या आधीच्या लोकांचा. तो वापरण्यात काहीच गैर नाही. पण एकाच लॉकेटवर निम्मी अक्षरं थोरल्यातली आणि निम्मी धाकट्यातली असली, की ते वाचताच येत नाही.

नावाच्या टॅटूत हाच घोळ सर्वांत जास्त होतो. ऑनलाइन कन्व्हर्टर इंग्रजी स्पेलिंग घेतो आणि एका अक्षराला एक रून चिकटवतो. रून्स उच्चारावरून लिहितात. 'देवेश' घ्या. धाकट्या फुथार्कात द, ग, प, ए, ओ यांना स्वतंत्र अक्षर नाही. द साठी त ची रून, ए साठी बहुधा इ ची, व साठी उ ची आणि श साठी स ची वापरावी लागते. म्हणजे कोरायचं ते त-इ-उ-इ-स. कन्व्हर्टर मात्र शेवटच्या श साठी स आणि ह अशा दोन रून्स देईल. 'गौरी' लिहा किंवा 'कौरी', या लिपीत दोन्ही सारखंच दिसेल. तेव्हा नाव गोंदवायचं असेल तर थोरला फुथार्क सोयीचा, कारण त्यात हे आवाज वेगळे आहेत. आणि सुई लागण्याआधी एक-एक अक्षर स्वतः उच्चारून पाहा.

चिठ्ठीतल्या एका शब्दावर थांबू नका

हा भाग सर्वांत गोड, आणि नेमका तोच लोक वगळतात. रून्सच्या अर्थांचा खरा साठा तीन जुन्या रून-काव्यांत आहे: एक जुन्या इंग्रजीतलं, एक नॉर्वेतलं, एक आइसलँडचं. प्रत्येक रूनवर एक छोटं कडवं. 'फेहू' हे रूप अभ्यासकांनी मागाहून बांधलेलं आहे, 24 रून्सची सगळीच मूळ नावं अशी बांधलेली आहेत. काव्यांत मात्र फेओह, फे अशी प्रत्यक्ष वापरातली नावं भेटतात.

फेहू म्हणजे पैसा, असं चिठ्ठी म्हणते. नॉर्वेचं काव्य म्हणतं की धन नात्यागोत्यात भांडण लावतं, लांडगा रानात वाढतो. इंग्रजी काव्य म्हणतं की धन सर्वांना सुख देतं, पण ज्याला देवापुढे मान हवा त्याने ते सढळ हाताने वाटलं पाहिजे. आता हीच रून तुमच्या हाती आली, आणि प्रश्न घराच्या वाटणीचा असला, तर 'पैसा येणार' या उत्तरापेक्षा कितीतरी जास्त काही समोर आलं ना? लांडग्याची ती ओळ तर मला पुन्हा पुन्हा आठवते. भाऊबंदकी पाहिलेल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही.

कौनाझ किंवा केनाझचा गोंधळही इथेच सुटतो. इंग्रजी काव्यात ही रून म्हणजे मशाल, राजेलोक बसतात त्या दालनात जळणारी. नॉर्वे आणि आइसलँडच्या काव्यांत तीच रून म्हणजे गळू, लेकरांचा जीव घेणारा रोग. एक वेबसाइट 'ज्ञानाचा प्रकाश' म्हणते आणि दुसरी 'आजार', यातली कुणीच खोटं बोलत नसते. दोघी वेगळ्या काव्यांवर उभ्या असतात. थुरिसाझचंही तसंच: इंग्रजीत काटा, उत्तरेकडे राक्षस. वही घ्या, प्रत्येक रूनखाली तिन्ही काव्यांचं म्हणणं वेगवेगळं लिहा. सोळा रून्स तिन्हींत मिळतात, उरलेल्या फक्त इंग्रजी काव्यात.

उलटी रून, कोरा खडा

उलट्या रूनला उलटा अर्थ, ही पद्धत टॅरोच्या पत्त्यांवरून इकडे आली. जुने कोरणारे उजवीकडून डावीकडे लिहीत, डावीकडून उजवीकडे लिहीत, कधी अक्षर आरशातल्यासारखं फिरवत. त्याने अर्थ फिरत नसे. शिवाय गेबो, इसा, इंग्वाझ, डागाझ अशा रून्स उलट्या केल्या तरी तशाच दिसतात, मग नियम लावणार कसा? ज्यांना उलट्या खड्याचा अर्थ धरायचाच आहे त्यांनी धरावा. पण अडचणीची बाजू कडव्यातच असते, तिच्यासाठी खडा उलटा पडावा लागत नाही.

कोरा खडा 1982 साली अमेरिकेत निघालेल्या एका लोकप्रिय पुस्तकामुळे पसरला. कोणत्याही फुथार्कात त्याला जागा नाही. तो बाजूला ठेवा. एखादा खडा हरवला तर त्यावर ती रून काढून घेता येईल.

एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नका

रोमन लेखक टॅसिटसने इ.स. 98 च्या सुमारास जर्मानिक लोकांची एक रीत नोंदवली आहे. फळझाडाची फांदी तोडून तिचे तुकडे करायचे, त्यांवर खुणा करायच्या, पांढऱ्या कापडावर ते विखरून टाकायचे. मग पुजारी किंवा घरचा कर्ता आकाशाकडे बघत एकेक करून तीन तुकडे उचलतो. त्या खुणा रून्सच होत्या असं टॅसिटस म्हणत नाही. पण आजच्या तीन खड्यांच्या पद्धतीची प्रेरणा इथली. पुढचं वाक्य मात्र क्वचितच कुणी सांगतं: उत्तर नकार आलं, तर त्या दिवशी त्या गोष्टीबद्दल पुन्हा विचारायचं नाही. कोकणात देवाला कौल लावणाऱ्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. मनासारखं येईपर्यंत पिशवीत हात घालत राहिलं की वाचन गढूळ होणारच.

न समजता कोरू नका

रून्सचा मंत्रासारखा वापर नव्हताच, असं म्हणणारेही चुकतात. डेन्मार्कच्या रिबे इथे आठव्या शतकातल्या कवटीच्या तुकड्यावर ओडिन या नॉर्स देवाचं नाव आणि वेदनेचा उल्लेख कोरलेला आहे. पण अशा वापरात बहुधा शब्द असतात, वाक्यं असतात. सुटं चिन्ह क्वचित. तेराव्या शतकात लिहिलेल्या, एगिल या व्हायकिंग कवीच्या सागामध्ये (म्हणजे जुन्या आइसलँडिक गद्यकथेत) याचा एक नमुनाच आहे. एगिल एका शेतकऱ्याच्या घरी उतरतो, तिथे मुलगी हेल्गा अंथरुणाला खिळलेली. तो बिछाना उचलायला लावतो, खाली देवमाशाचं हाड सापडतं, त्यावर रून्स. शेजारच्या एका तरुणाने तिचं प्रेम मिळावं म्हणून त्या कोरलेल्या, पण त्याला नीट येत नव्हतं. दहा गूढ अक्षरं चुकली आणि मुलगी आणखी आजारी पडली. एगिल अक्षरं खरवडतो, हाड जाळतो, पांघरुणं वाऱ्यावर टाकायला सांगतो, मग नव्या रून्स कोरून उशाखाली ठेवतो. ज्याला वाचता येत नाही त्याने रून्स कोरू नयेत, असं तो म्हणतो. कथा म्हणून वाचा, पण बजावणी घ्या. आणि आजारपणात डॉक्टर आधी.

याच सागात एगिल रून्सना स्वतःचं रक्त लावतो, म्हणून आजही काही जण बोट टोचतात. गरज नाही. कितीतरी रूनदगड लाल रंगाने रंगवलेले होते. आपल्याकडचा गेरू त्यासाठी उत्तम.

व्हायकिंग नसलेली चिन्हं आणि डागाळलेल्या रून्स

होकायंत्रासारखं दिसणारं वेगविसिर रून नाही, व्हायकिंगांचंही नाही. ते 1860 च्या एका आइसलँडिक हस्तलिखितात मिळतं. आवडत असेल तर जरूर वापरा, फक्त वय खरं सांगा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. 1900 नंतर ऑस्ट्रियात गिडो फॉन लिस्टने 18 रून्सची स्वतःची मालिका रचली आणि त्या वळणातून रून्स नाझींपर्यंत गेल्या. सोविलोची जोडी हे एसएसचं, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलाचं, चिन्ह झालं, ओथाला आणि तिवाझही वापरल्या गेल्या. अल्गिझला 'जीवन-रून' आणि तिच्या उलट्या रूपाला 'मृत्यू-रून' ही नावंही याच विचारविश्वातली. धाकट्या फुथार्कात तो उलटा आकार म्हणजे फक्त यू नावाचं झाड. स्वस्तिकाचं काय झालं ते आपण जाणतोच, तेव्हा ही जखम आपल्याला समजायला हवी. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीत असलेल्यांनी तर जपूनच राहावं. तिथे फौजदारी कायद्याच्या कलम 86अ खाली एसएसची जोडरून अंगावर मिरवणं गुन्हा आहे. एकटी सोविलो म्हणजे सूर्य, ती पिशवीत खुशाल ठेवा. दोन शेजारी-शेजारी कुठेही काढू नका.

संचच तपासा

तीच ती रून सारखी येत असेल तर आधी खडे हातात घेऊन बघा. एखादा जाड किंवा खरबरीत असला की बोटं त्याच्याकडेच जातात. स्वस्त संचांत एक रून दोनदा छापलेली आणि दुसरी गायब, असंही होतं, म्हणून 24 वेगवेगळ्या आहेत ना ते मोजा. घरी करायचा असेल तर वाळलेली, अंगठ्याएवढी जाड फांदी घेऊन तिच्या उभ्या चिपा पाडा. मुख्य उभी रेघ लाकडाच्या रेषांशी काटकोनात काढा, फाटे तिरके. रून्समध्ये सहसा आडव्या रेघा नसतात त्या यासाठीच, लाकडाच्या रेषेत गेलेला काप दिसत नाही आणि चीप फुटते. कोरताना प्रत्येक रूनचा आवाज मोठ्याने म्हणा, मग गेरू भरा.