वेस्टर्न रोमान्स लिहायचाय? हिरो नंतर, आधी साल ठरवा

एकोणिसाव्या शतकातली अमेरिका, मागचं सगळं टाकून पळालेली बाई आणि तिची लव्हस्टोरी, असं काही लिहायला घेतलं की बहुतेक जण हिरोपासून सुरुवात करतात, म्हणजे घोडा, टोपी, कमी बोलणारा गडी, आणि मग बाईला कसंतरी त्याच्या दारात आणून सोडायचं. मीही तेच केलं. माझी नायिका १८५५ साली ट्रेनने थेट कॅलिफोर्नियात उतरली, चाळीस पानं झाल्यावर कळलं की तिकडे जाणारा रेल्वेमार्ग जोडला गेला १० मे १८६९ ला, युटातल्या प्रोमोन्टरी समिटला. चाळीस पानं पाण्यात.

तेव्हा आधी साल. कारण ती किती लांब पळू शकते आणि मागचा माणूस किती लवकर येऊ शकतो हे दोन्ही त्यावरच ठरतं. १८६९ च्या आधी मिझुरीपासून ऑरेगॉनपर्यंत बैलांच्या वॅगनने चार ते सहा महिने लागायचे, नंतर ओमाहाहून सॅक्रामेंटो चार-पाच दिवसांत. पण जी गाडी तिला आणते तीच तिच्या नवऱ्यालाही आणणार ना! मला स्वतःला मधली वर्षं, म्हणजे १८६१ ते १८६९, सगळ्यात आवडतात, कारण तार १८६१ मध्येच पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोचली होती, म्हणजे बाई अजून वॅगनमध्ये धूळ खातेय आणि तिचं वर्णन पुढच्या गावातल्या तार ऑफिसात येऊन पडलंय. आयतं टेन्शन.

मग दुसरं, ती कागदावर कोण आहे? कुमारी, विधवा की नवऱ्याला सोडून आलेली? इथे कंजुषी करू नका, खरी गोष्ट इथेच आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची, पाच वर्षं तिथे राहायचं, कसायची, आणि एकवीस वर्षांची एकटी बाई किंवा विधवाही दावा करू शकायची. नवरा असलेल्या बाईला मात्र सहसा स्वतःच्या नावावर करता यायचा नाही. आता तुमची नायिका लँड ऑफिसात 'मी विधवा' म्हणून शपथेवर लिहून देते आणि नवरा तर तिकडे धडधाकट जिवंत आहे! म्हणजे खोटं नुसतं हिरोशी नाही, सरकारशीही बोललीय, शिवाय हिरोशी लग्न केलं तर दोन नवऱ्यांचा गुन्हा वेगळाच. ती खरंच एकटी असली तरी गंमत आहेच, शेजारच्या दाव्यावर हिरो, दोघांनाही आपापल्या जमिनीवर राहणं सक्तीचं, मग लग्न करून राहायचं कुठल्या घरात? उगाच गैरसमज घालून दोनशे पानं ओढण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

सुटकेची वाट हवी असेल तर साउथ डकोटा बघा, १८९० च्या सुमारास तिथे तीन महिने राहिलं की घटस्फोटाचा अर्ज करता यायचा आणि सू फॉल्स गाव त्यासाठीच गाजलं होतं. तीन महिने एका गावात लपून, दिवस मोजत. तेवढ्यात एक अख्खी कादंबरी बसते.

पोटापाण्याचं पण बघा हं. सलूनची नाचणारी आणि शाळेची बाई सोडून तिसरं काही सुचतच नाही लोकांना. कपडे धुणं, बोर्डिंग हाऊस चालवणं, किंवा १८८३ पासून सँटा फे रेल्वेवरच्या फ्रेड हार्वेच्या खानावळीत वाढपी. तिथे फक्त अविवाहित मुली घ्यायचे, राहायची सोय त्यांचीच, रात्री ठरलेल्या वेळेला आत, कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत लग्न नाही. पळालेल्या बाईला लपायला बरी जागा, पण दर गाडीतून नवीन चेहरे उतरणार आणि त्यांना हसून कॉफी वाढायची तिनेच.

आणि हो, ती जमीन रिकामी नव्हती. लाकोटा, शायेन अशा तिथल्या मूळ रहिवाशांची होती, सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे रूळ हजारो चिनी मजुरांनी टाकले, गुराख्यांत काळे लोक भरपूर होते. सगळं गाव गोरं दाखवलंत तर ते सिनेमाच्या सेटसारखं दिसेल.

मराठीत लिहिताय तर एक हत्यार फुकट आहे, ते म्हणजे तुम्ही आणि तू. दोघं अर्धं पुस्तक 'तुम्ही'वर ठेवा, आणि पहिलं 'तू' चुंबनाच्या सीनमध्ये अजिबात नको, गाय अडलीय, बर्फ पडतंय, दोघांचे हात रक्ताने भरलेत, तेव्हा 'तू धर इकडून' असं तिच्या तोंडून निघून जाऊ दे. दोघांनाही कळतं, कोणीच काही बोलत नाही.

खोटं नाव घेतलं असेल तर त्याला उशिरा ओ देण्याची सवय तिला पहिल्या प्रकरणापासून लावा, हिरोच्या ते लक्षात आलेलं असू दे पण त्याने विचारायचं नाही. आणि मागचा माणूस शेवटी गाडीतून उतरतो तेव्हा प्लॅटफॉर्मवर तो तिला खऱ्या नावाने मोठ्याने हाक मारतो, तिची मान लगेच वळते, आणि हिरो शेजारीच उभा आहे. आता लिहा पुढचं.