कंबरदुखीची गोळी घेताना एवढं बघा
कंबर धरली की आमच्या खानापूर-निपाणीकडं शेजाऱ्याकडची उरलेली गोळी घेऊन मोकळे होतात लोक, तसं अजिबात करू नका. पाकीट उलटं करून मागचं बारीक नाव वाचा. टिझानिडीन, म्हणजे आखडलेले स्नायू सैल करणारी गोळी, असेल तर झोप येते, बीपी उतरतं, रात्री एकदम उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते, म्हणून आधी कॉटवर थोडं बसा मगच उठा, आणि गोळी घेऊन ट्रॅक्टर, बाईक नको, दारू तर नकोच नको. सिप्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे लघवीच्या इन्फेक्शनला देतात ती, चालू असेल तर टिझानिडीन घ्यायचीच नाही, तिचं रक्तातलं प्रमाण कितीतरी पट वाढतं, त्यामुळं डॉक्टरांना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं दाखवाच. बॅक्लोफेन, तीही स्नायू सैल करणारीच गोळी, रोजची असेल तर मात्र मनानं एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करा.