गिरगावात एकटं राहताना: नोकरीचा आणि इमारतीचा भरवसा नसेल तेव्हाची तयारी

ठाकूरद्वारजवळच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर मी भाड्याने एकटी राहते. एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी. ऑफिस फोर्टात. सध्या ऑफिसात माणसं कमी करायचं चाललंय, आणि इमारत पुनर्विकासाला जाणार अशी जिन्यावर रोज नवी बातमी असते. या भागात अशा दुहेरी टांगणीवर एकटे राहणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझ्या मते सगळ्यात आधी एक गोष्ट करायची: आपलं काही बिनसलं, तर ते दोन-चार तासांत कुणाच्या तरी लक्षात येईल अशी सोय. पैसे, कागद, डाळ-तांदूळ हे सगळं त्यानंतर.

माझ्याकडे ही सोय दुधाच्या पिशवीवर चालते. दूधवाला सकाळी दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवून जातो आणि सातच्या सुमारास मी ती आत घेते. समोरच्या काकूंना सांगून ठेवलंय की आठ वाजून गेले तरी पिशवी बाहेरच दिसली तर बेल वाजवायची. दार उघडलं नाही तर फोन करायचा, फोनही उचलला नाही तर सरळ चावीने उघडायचं. चावी त्यांच्या देवघराच्या फळीवर असते. पण नुसती चावी देऊन भागत नाही. आतून वरची कडी घातली असेल तर बाहेरच्या चावीचा काही उपयोग नाही. म्हणून रात्री मी फक्त लॅच लावते, आणि सेफ्टी डोअरची दुसरी चावीही काकूंकडे आहे. घरात एकटं असताना बाथरूमलाही आतून कडी घालू नका. घसरून पडलात तर मदतीला आलेल्या माणसाला दुसरं दार फोडावं लागतं. गावाला जायचं असेल तर दूध बंद करताना काकूंनाही सांगायचं, नाहीतर त्यांचा जीव टांगणीला लागतो.

हे मागायला संकोच वाटतो, मला कळतं. पण आधी येणं-जाणं ठेवलं की मागणं सोपं जातं. मी काकूंची बीपीची औषधं आणते, बेस्टचं वीजबिल फोनवरून भरून देते. मग एके दिवशी, “काकू, मी एकटीच असते, एवढं बघाल का?” इतकंच म्हटलं. त्यावर त्यांनी त्यांच्या घराची चावी माझ्याकडे दिली. शेजारी असं कुणी नसेल तर रोज ठरावीक वेळी बहिणीला किंवा मैत्रिणीला एक मेसेज जाऊ द्या. तो आला नाही तर तिने कुणाला फोन करायचा, हेही आजच ठरवा.

दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत एक कागद चिकटवा. तुमचं नाव, रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, जवळच्या दोन माणसांचे नंबर. खाली कुठल्याही आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६, गॅस गळतीसाठी १९०६. फोन बंद पडलेला असतो किंवा लॉक असतो, तेव्हा आत आलेल्या माणसाला हा कागदच वाचता येतो.

आता घराचे कागद. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहू देण्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावा लागतो, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. “अकरा महिन्यांसाठी कशाला नोंदणी?” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. करारात दोन ओळी डोळ्यांत तेल घालून वाचा: नोटीस किती दिवसांची, आणि डिपॉझिट कधी परत. इमारत खाली करायची वेळ आली तर करार मध्येच कसा संपेल, तेही लिहून घ्या. पुनर्विकासातली पर्यायी जागा किंवा तिचं भाडं मूळ भाडेकरूला किंवा मालकाला मिळतं. आपल्यासारख्या लायसन्सवाल्यांना त्यात हक्क नसतो, हे मनाशी पक्कं असू द्या.

इमारत जुनी असेल तर तिच्याकडे रोज बघायची सवय लावा. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी काढतं, त्यात आपली आहे का ते पाहावं. पण यादीवर विसंबू नये. भिंतीला तडा दिसला की त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालते मी. तडा रेघेपलीकडे गेला तर तो वाढतोय. आजवर नीट लागणारं दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, खांबाचा गिलावा ढलप्यांनी पडू लागला, तर मालकाला आणि म्हाडाला लेखी कळवा, फोटो तारखेसकट ठेवा. रात्री कडकड आवाज येऊन माती पडू लागली तर मात्र काहीही गोळा करत बसायचं नाही. शेजाऱ्यांची दारं वाजवत खाली उतरायचं. त्यासाठी कागदपत्रांची एक पिशवी, थोडी रोकड आणि औषधं दाराजवळच्या खुंटीला कायम लटकलेली हवीत.

स्वयंपाकघराबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण काळजीच्या दिवसांत एकटं माणूस पहिल्यांदा जेवणात टाळाटाळ करतं. “एकटीसाठी काय करायचं” म्हणत चहा-बिस्किटांवर रात्र काढतं. त्यावर उपाय म्हणजे दहा मिनिटांत होणारं अन्न घरात असणं. माझा पहिला आधार कुळथाचं पीठ. लसणाची फोडणी, पाण्यात कालवलेलं दोन-तीन चमचे पीठ, दोन आमसुलं, मीठ, की पिठी तयार. भात तोवर कुकरात होतो. दुसरा आधार मेतकूट: ताप असला की मऊ भात, तूप, मेतकूट याच्यापलीकडे काही नको वाटतं. भाजलेला रवा, पोहे, भाजणी, सुकट, लोणचं एवढं असलं की चार दिवस खाली न उतरता निभतं. मुंबईच्या दमट हवेत पिठांना लगेच कीड लागते, म्हणून डाळी पाव-पाव किलोच आणा, रवा आणला त्याच दिवशी कोरडा भाजून घट्ट डब्यात भरा, पिठं फ्रीजमध्ये ठेवा. महिन्याचं सामान एकदम भरून ठेवण्यात एकट्याचा तोटाच होतो.

सिलिंडर एकच असेल तर लावल्याची तारीख त्यावर खडूने लिहा. आत किती उरलाय ते बघायचं असेल तर ओलं फडकं उभं फिरवा. जिथवर गॅस आहे तिथवरचा भाग उशिरा सुकतो. पत्त्याचा पुरावा नसलेल्यांना ओळखपत्रावर पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, नव्याने राहायला आलेल्यांनी तोच घ्यावा. पाण्याचं पिंप रोज भरायचं, आणि जोराच्या पावसाच्या दिवशी भरतीची वेळ बघूनच बाहेर पडायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा दिवशी एकट्याने पाण्यातून घर गाठायची धडपड करू नये, ऑफिसात किंवा ओळखीच्या घरी थांबावं.

पैशांचं थोडक्यात सांगते. एक मोठी ठेव करण्यापेक्षा तिचे लहान तुकडे करा, म्हणजे गरजेला एकच मोडावी लागते. एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवींनाच विमा आहे, २०२० पासून. सगळीकडे नॉमिनी घाला. आणि ऑफिसचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, हे विसरू नका. नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस सहसा फक्त अपघात धरला जातो, आधीच्या आजारांना तर वर्षं जातात. म्हणून नोकरी असतानाच स्वतःची पॉलिसी घ्या, नाहीतर ऑफिसची पॉलिसी वैयक्तिक करून मिळेल का ते विमा कंपनीला लेखी विचारा.

एकट्या माणसाला घाबरवणारे फोन जास्त छळतात. ‘डिजिटल अरेस्ट’ असं कायद्यात काही नाही. व्हिडिओवर कुणी पोलीस म्हणून दरडावू लागला तर फोन ठेवा, शेजारी जा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. रात्री विचारांनी झोप उडत असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

राहता राहिला प्रश्न जागा सोडायची कधी. हा निर्णय नोकरी असताना, शांत डोक्याने, आकड्यात करून ठेवा. माझा आकडा असा: पगार थांबला आणि शिल्लक तीन महिन्यांच्या एकूण खर्चाइतकी उरली, की त्याच आठवड्यात घरमालकांना लेखी नोटीस. डिपॉझिट त्या तीन महिन्यांत धरायचं नाही, कारण ते हातात यायला वेळ लागतो. सोडताना वीज मीटरच्या आकड्याचा फोटो, शेवटच्या बिलाची पावती, चावी दिल्याची सहीनिशी पोच, आणि काकूंकडची चावी आठवणीने परत.