संगीत विभागातलं पहिलं वर्ष: तंबोऱ्यामागे बसणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मंच मिळतो, पण मागच्या ओळीतला. मधे गाणारा, त्याच्या डाव्या-उजव्या खांद्यामागे दोन तंबोरे, आणि त्या तंबोऱ्यांवर तुम्ही. हे हमालीचं काम समजून टाळणारी मुलं दरवर्षी असतात आणि तिसऱ्या वर्षी त्यांनाच स्वतःचा तंबोरा लावता येत नाही. मुंबईत तर ही मोठीच अडचण, कारण इथल्या हवेत लावलेला सूर तासभरसुद्धा जागेवर राहत नाही. जून ते सप्टेंबर दमट, सभागृहात एसी, मंचावर दिव्यांची धग. विभागाच्या कार्यक्रमांत जे बिघडतं, त्यातलं निम्मंअधिक या तिघांतून येतं.

कुठे शिकता आहात ते आधी नीट समजून घ्या. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटला बी रोडवर विद्यार्थी भवनात आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा संगीत विभागही चर्चगेटलाच. गायिका प्रभा अत्रे तिथे विभागप्रमुख होत्या. अशा पदवी विभागात मंचप्रदर्शनाला गुण असतात. बाकी बऱ्याच महाविद्यालयांत असतं ते संगीत मंडळ, म्हणजे हौस अधिक स्पर्धा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा तिसऱ्याच. त्यांची सत्रं एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला, म्हणजे नेमकी तुमच्या सेमिस्टर परीक्षेच्या आसपास. मंडळाची विशारद परीक्षा आणि सेमिस्टर एकाच हंगामात करायचं असेल तर अर्ज भरण्याआधी दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा.

शिक्षकांबाबत एक गोष्ट लवकर कळलेली बरी. मुंबईत जयपूर-अत्रौली, आग्रा, ग्वाल्हेर, किराणा या सगळ्या घराण्यांची माणसं आहेत, आणि भेंडीबाजार घराण्याचं तर नावच या शहरातल्या मोहल्ल्याचं. त्यामुळे सोमवारचे सर एका रागात जी जागा घ्यायला सांगतील, तीच गुरुवारच्या ताई चूक म्हणू शकतात. दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात. वहीत प्रत्येक बंदिशीच्या वर ती कोणाकडून घेतली आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहून ठेवा. परीक्षेत किंवा मैफलीत ज्यांची बंदिश, त्यांचंच चलन, म्हणजे राग चालवण्याची पद्धत. एकाचा विस्तार आणि दुसऱ्याचा मुखडा जोडला की ऐकणाऱ्याला सांधा लगेच दिसतो.

विभागाच्या साथीदारांना मात्र मुलं गृहीत धरतात. तबलजींना आदल्या दिवशी तीन गोष्टी कळवायच्या: तुमची पट्टी (पेटीच्या ज्या स्वरावर तुमचा षड्ज धरता ती), ताल, आणि लय. ‘विलंबित एकताल’ (बारा मात्रांचा ताल, संथ लयीत) एवढं सांगून भागत नाही. मात्रेला, म्हणजे तालाच्या एका ठोक्याला, चार सेकंद की अडीच, हे प्रत्यक्ष म्हणून दाखवा. पट्टी कळवायची ती तबला निवडण्यासाठी. काळी एकला (खालची, बहुधा पुरुषांची पट्टी) साधारण सहा इंच तोंडाचा तबला लागतो, काळी चार-पाचला (वरची, बहुधा बायकांची) पाच-सव्वापाच इंचांचा. एकच तबला ठोकून ठोकून फार तर एखादा स्वर वर-खाली होतो. त्यापुढे ताणला तर पुडी (तबल्यावरचं चामडं) फाटते, उतरवला तर नाद मरतो.

यावरूनच कार्यक्रमाचा क्रम लावायचा असतो, आणि इथे विद्यार्थी समित्या हमखास चुकतात. आधी काळी एकचा मुलगा, मग काळी पाचची मुलगी, मग पुन्हा पांढरी दोन, असा क्रम ‘विविधता’ म्हणून लावला जातो. प्रत्येक बदलाला तंबोऱ्याची जोडी लावायची दहा मिनिटं आणि तबल्याची पाच-सात. चार गायकांत अर्धा तास ठोकण्यात जातो आणि श्रोते चहाला उठतात. एका पट्टीचे, किंवा अर्ध्या-एका स्वराच्या अंतरातले गायक सलग बसवा. पुरुषी आणि जनानी अशा तंबोऱ्यांच्या दोन वेगळ्या जोड्या ठेवा. पुरुषी तंबोरा ओढून काळी चारला न्यायचा प्रयत्न केला तर तार तुटते. मध्यंतर असेल तर पट्टी तिथे बदला.

आता तंबोरा. विभागातले बहुतेक मिरजेचे असतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या (दोन्ही षड्जावर), शेवटची पितळी खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला पहिली तार मध्यमावर, मारव्याला बहुधा निषादावर. लावायला सुरुवात जोडापासून करा. संदर्भ सूर मोबाइलवरून घेऊ नका, त्या दिवशी साथीला असलेल्या पेटीवरून घ्या. पेटीचे सूर ठरलेले, ते हलत नाहीत; जुनी पेटी ॲपपेक्षा जरा चढी किंवा उतरी असते, आणि ॲपवर अचूक लावलेला तंबोरा मग पेटीशी भांडत राहतो. जोडाची एक तार खुंटीने षड्जावर आणा, दुसरी तिच्याशी मिळवा. दोन्ही एकत्र छेडल्यावर ‘वाँव-वाँव’ अशी लाट ऐकू येते तोवर जुळलेल्या नाहीत. लाट लांबत लांबत थांबली की झालं. मग खर्ज, शेवटी पंचम. खुंटीने जवळ आणायचं आणि शेवटचा केसभर फरक तारेत ओवलेल्या मण्याने काढायचा. खुंटी फिरवताना आत दाबून फिरवा, नाहीतर ऐन ख्यालात सैल सुटते. खर्ज नीट लागला की त्याच्यातून आपोआप गंधार बोलतो. तो ऐकू आला नाही तर घोडीवर तारेखाली असतो तो जवारीचा धागा (त्याने नाद खुलतो) कणभर पुढे-मागे सरकवा. तार बोथट वाजत असेल तर धागा चुकीच्या जागी आहे, तार दोषी नाही.

नव्या तारा कार्यक्रमाच्या सकाळी घालायच्या नाहीत. त्या दोन-तीन दिवस ताणत राहतात आणि सूर उतरत राहतो. वाजवताना पंचमाला मधलं बोट, उरलेल्या तिन्हींना तर्जनी, बोटाच्या बाजूने, नखाने नाही. तबल्याच्या लयीत वाजवायचा मोह होतो, तो आवरायचा. तंबोऱ्याची चाल स्वतःची, संथ आणि एकसारखी. दोन तंबोरे एकाच वेळी पंचम छेडत असतील तर एकाने अर्धी फेरी थांबून सुरू करावं, म्हणजे नाद अखंड राहतो. आणि गायक तान घेत असताना मान डोलावता डोलावता हात थांबतो, हे नव्या प्रत्येकाचं होतं.

हवेचं गणित असं. थंडाव्याने पोलादी तार आखडते आणि सूर चढतो. उष्णतेने तार लांबते, सूर उतरतो. चामड्याचं उलटं: दमट हवेत पुडी ढिली पडून तबला उतरतो, कोरड्या धगीत ताठून चढतो. म्हणजे मंचावरच्या दिव्यांखाली तंबोरा खाली आणि तबला वर, दोघं विरुद्ध दिशांना. म्हणून वाद्यं ग्रीनरूममध्ये लावून आणायची नाहीत. सभागृहाचा एसी निदान दोन तास आधी चालू करून घ्या, दिवे कार्यक्रमाइतकेच ठेवा, वाद्यं अर्धा तास मंचावर उघडी ठेवा, आणि मग लावा. पहिल्या दहा मिनिटांनंतर पुन्हा एकदा हात फिरवावा लागतोच. गायक पाणी पितो ती वेळ तुमची.

हंगाम सुरू होतो आषाढात, अभंगांनी आणि गुरुपौर्णिमेने. ऑगस्टात संगीतशास्त्रकार भातखंडे यांची जयंती (१० ऑगस्ट, जन्म १८६० चा, वाळकेश्वरचा) आणि गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक पलुसकर यांची पुण्यतिथी (२१ ऑगस्ट) येतात, आणि याच सुमारास वर्षामैफल. पावसाळी राग ऋतूत कोणत्याही वेळी गायला हरकत नसते, हा संकेत आपल्या फार सोयीचा. कारण पावसात कार्यक्रम दुपारी ३ ते ६ ठेवणंच शहाणपणाचं. त्यानंतर लोकलचा भरवसा नाही. बाकी वर्षभर मात्र दुपारच्या वेळेमुळे सारंग, भीमपलास, मुलतानी यांतच फिरावं लागतं आणि रात्रीचा दरबारी मुलांच्या वाट्याला परीक्षेतच येतो. एक तबलजी पश्चिम रेल्वेवरचे ठरले असतील तर राखीव म्हणून मध्य रेल्वेवरचे कोणी बोलून ठेवा. रुळांवर पाणी आलं की एक मार्ग बंद आणि दुसरा चालू, असं अनेकदा होतं. भरतीची वेळही कार्यक्रमाची तारीख ठरवतानाच पाहून ठेवावी.

वर्षामैफलीत सगळ्यांना मियाँ मल्हारच गायचा असतो, आणि तिथे एक खड्डा आहे. मियाँ मल्हार आणि बहार यांचे स्वर तेच: कोमल गंधार, दोन्ही निषाद, बाकी शुद्ध. एक पावसाचा, दुसरा वसंताचा. फरक सगळा चालीत. मियाँ मल्हार मंद्रात (खालच्या सप्तकात) आणि मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो, गंधार मध्यमाच्या आधाराने जड आंदोलित, आणि ‘नि ध नि सा’ मधे दोन निषाद एकमेकांना घासून, रेंगाळत. बहार मध्यमावर उडी घेऊन वरच्या अंगात खेळतो, गंधारावर थांबत नाही, आणि तोच ‘नि ध नि सा’ झटक्यात पार करतो. घाबरलेला विद्यार्थी लय वाढवतो, आवाज वर नेतो, गंधार घाईत उरकतो, आणि भर श्रावणात बहार सुरू होतो. उपाय: पहिली पाच मिनिटं तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जाला हात लावायचा नाही, मंद्र निषाद-धैवताचं काम आधी करायचं. आवाज खाली जात नसेल तर मियाँ मल्हार सोडा आणि गौड मल्हार घ्या; बरीच मुलं त्यात जास्त शोभतात. मेघही तितकाच फसवा: गंधार-धैवत वगळल्यावर तो मध्यमाद सारंगाचा शेजारी होतो, आणि मध्यमाचा स्पर्श घेऊन डोलणारा रिषभ सुटला की पाऊस संपला.

युवा महोत्सवाच्या फेऱ्याही याच दिवसांत. आंतरविद्यापीठ नियमांत शास्त्रीय गायनाला साधारण १५ मिनिटं आणि मांडणीला ५ असतात. त्या वर्षीचं नियमपत्रक हातात घ्याच. हिशेब करून पाहा: मात्रेला ४ सेकंद धरली तर विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांची फेरी, ४८ सेकंदांचं. आलापाला एक मिनिट, विलंबिताला आठ, म्हणजे जेमतेम दहा आवर्तनं. त्यात स्थायी-अंतरा, बढत (रागाचा हळूहळू विस्तार), बोल-आलाप, तान हे सगळं बसत नाही, विलंबित लांबत जातं, मग द्रुत (जलद बंदिश) दोन मिनिटांत कोंबावी लागते. लय मात्रेला अडीच सेकंदांवर आणली तर आवर्तन ३० सेकंदांचं होतं आणि त्याच आठ मिनिटांत सोळा मिळतात. सरावात घड्याळ तबलजींसमोर ठेवा, स्वतःसमोर नको. आणि पाच मिनिटांत तंबोरा लागायचा असेल तर तो आधीच्या स्पर्धकाच्या वेळी विंगेत जवळपास आणून ठेवलेला हवा.

दिवाळी पहाट मैदानात असेल तर ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद, म्हणून पहिला सूर सहाच्या आधी नाही. बंदिस्त सभागृहाला ही अट तशी लागत नाही. त्या दिवसांत मुंबईत सूर्य साडेसहानंतर उगवतो, म्हणजे मैदानात पहाटेच्या ललित, भटियारसाठी हाताशी अर्धा-पाऊण तास. निवेदनाला त्यातली दोन मिनिटंच द्या. दिवाळीचं सांस्कृतिक महत्त्व लोकांना ठाऊक असतं. पुढे अहिरभैरव, तोडी, मग नाट्यपद आणि अभंग. पहाटे आवाज खाली असतो, कित्येकांना अर्धा स्वर उतरूनच गावं लागतं. ते तबलजींना आदल्या रात्री कळलं पाहिजे, मैदानात नव्हे. तबले दवात उघडे ठेवू नका, शाईचं (मधल्या काळ्या लेपाचं) मातेरं होतं.

डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि वाद्यं गुणी होतात. बाहेरच्या कलाकाराची मोठी मैफल याच काळात घ्यावी. फाल्गुनात बसंत, होरी. बसंत गाणाऱ्याने परज हा जवळच्या स्वरांचा राग शेजारीच बसलाय हे विसरू नये.

ध्वनिव्यवस्थेची यादी छोटी आहे. गायक एक, तबला-डग्गा दोन, पेटी एक, तंबोरे दोन, निवेदन एक: सात माइक. मॉनिटर दोन, गायकाला आणि तबलजींना. पेटीचा माइक भात्याकडून नको, फुसफुस येते. तंबोऱ्याचा माइक भोपळ्यासमोर वीतभर अंतरावर. गायकाच्या मॉनिटरमध्ये तंबोरा आधी, स्वतःचा आवाज नंतर. सभागृहात घुमणारा एको त्याच्या मॉनिटरमध्ये द्यायचाच नाही. शिट्टी आली की साउंडवाले सगळंच खाली ओढतात आणि तंबोरा नाहीसा होतो. तेव्हा बोटाने त्यांना तंबोऱ्याकडे खूण करायची जबाबदारी मागे बसलेल्याचीच.

कार्यक्रम संपल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, घामाने आणि खाऱ्या हवेने त्या आठवड्यात गंजतात. खुंट्या एखादा स्वर खाली सोडा, धागा जवारीतून काढून गवसणीच्या खिशात ठेवा. तबल्यावर गवसणी, हातोडी पिशवीत, मणी चार आहेत का मोजून मगच कपाटाची किल्ली परत करा.