गंजलेल्या ट्रकला ठिगळ लावताना या चुका टाळा

पावसात भिजलेल्या जुन्या पत्र्याला एक वास असतो. तो आला की मला आमचा ट्रक आठवतो. बाबांनी आणि मी कितीतरी रविवार त्याच्याखाली पाठीवर पडून काढले. आता तो आमच्याकडे नाही. त्याच्यावर काम करताना आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गंजावरच लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरणं. केबिनच्या पायरीजवळ रंगाला फोड आला होता. आम्ही तो वरवर घासला, लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, रंग दिला. दिसायला सुरेख झालं. एका पावसाळ्यात लांबीचा अख्खा खपला हातात आला आणि मागे तळवा जाईल एवढं भोक! गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आत वाढताना तो वरचा थर उचलतो. शिवाय लांबी ओल धरून ठेवते. म्हणून आधी फोडाच्या आजूबाजूला हातोडीने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला भद्द. खणखणीत आवाज येईल तिथपर्यंत कापा. बाबांची खडूची रेघ नेहमी माझ्या अंदाजापेक्षा दोन बोटं बाहेर असायची, आणि दर वेळी तीच बरोबर निघायची.

ठिगळ जोडताना सलग वेल्डिंग करू नका. केबिनचा पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा. सलग उष्णतेने तो वाकतो, नाहीतर जळून भोक पडतं. एक टाका इकडे, एक समोरच्या बाजूला, मध्ये थंड होऊ द्या. त्याआधी बॅटरीची वायर सोडा, आतली मॅट आणि सीट काढा, डिझेलची टाकी जवळ असेल तर उतरवून लांब ठेवा. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आत साचलेली वाफच पेट घेते. आणि चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, घरी ठिगळ लावायचंच नाही. सगळा भार तिच्यावर असतो. बाबा तिथे फक्त ब्रश मारायचे, बाकी काम जाणत्या वेल्डरचं.

दाराचा तळ आम्ही दोनदा बदलला, तरी तो गंजतच राहिला. शेवटी कळलं की खालून फासलेल्या डांबरी रंगाने पाणी निघायची बारीक भोकं बुजली होती. तार घातली तशी दारातून पालापाचोळ्यासकट तांबडं पाणी वाहू लागलं. मला तर ठिगळापेक्षा ही भोकं महत्त्वाची वाटतात. दर पावसाळ्याआधी ती मोकळी करा.

एक हेडलाइट मंद जळत असेल तर लगेच बल्ब बदलू नका. अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बसते तिथला गंज लख्ख होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

जाम बोल्टवर पान्याला पाइप लावून जोर करू नका, डोकं तुटतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडवा. फाळक्याचा डावा बोल्ट आमच्याकडे दोन रात्री तेलात होता. सुटला तेव्हा बाबांनी तो फडक्याने पुसला आणि शर्टाच्या खिशात टाकला.