फोटो साइटवर चढवण्याआधी

होमस्टे असो की देवस्थान, वेबसाइटचं काम ठरलं की पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फोटोंचा ढीग येऊन पडतो. त्यांना हात लावू नका, मूळ फाइली मागा. व्हॉट्सॲपवरच पाठवायच्या असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. एरवी फोटो आकसून येतो आणि मोठ्या स्क्रीनवर फुटतो. आयफोनवाल्यांकडून हेइक (HEIC) प्रकारच्या फाइली येतील, त्या जेपेग करून घ्या. क्रोममध्ये त्या दिसत नाहीत.

मग लेआउट समोर ठेवून कुठला फोटो किती रुंद दिसणार ते लिहून काढा. फोनची रुंदी ३९० पिक्सेल धरली आणि स्क्रीनची पिक्सेल-घनता तिप्पट असली, तर काठोकाठ फोटो ११७० चा लागतो. बॅनरसाठी, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या मोठ्या फोटोसाठी, ४८०, ८००, १२००, १६०० आणि २००० रुंदीच्या प्रती पुरतात. मूळ फोटोच लहान असेल तर तो ताणू नका, दुसरा मागा.

खरा वेळ जातो तो क्रॉपला, आणि जाऊ द्यावा. मंगेशीचा आडवा फोटो लॅपटॉपवर झकास दिसतो: एका कडेला सात मजली दीपस्तंभ, पलीकडे देऊळ. फोनवर तोच दीपस्तंभ काडीएवढा होतो, आणि आपोआप मधोमध क्रॉप लावला तर फ्रेमबाहेरच जातो. फोनसाठी उभा क्रॉप हाताने करा, वर मथळ्यापुरतं आकाश राखा. दोन वेगळे क्रॉप एचटीएमएलच्या पिक्चर (picture) टॅगमध्ये जातात. एकाच क्रॉपच्या लहानमोठ्या प्रतींना सोर्ससेट (srcset), म्हणजे टॅगमधली प्रतींची यादी, पुरे. फक्त साइझेस (sizes), म्हणजे फोटो पानावर किती रुंद दिसणार ते, लिहायला विसरू नका, नाहीतर फोटो स्क्रीनभर आहे असं ब्राउझर धरून चालतो आणि नको तेवढी मोठी प्रत उतरवतो.

फोटो वेबपी (WebP) या वेबसाठीच्या हलक्या प्रकारात करताना क्वालिटी ७५ च्या आसपास ठेवून सुरुवात करा, पण सगळ्यांना एकच आकडा नको. पावसाळ्यातल्या कुळागराची (सुपारी-नारळाच्या बागेची) फाइल कोऱ्या आकाशाच्या फोटोपेक्षा कितीतरी जड निघते. पानांच्या गर्दीत दोष लपतात, तिथे क्वालिटी बिनधास्त उतरवा. संध्याकाळच्या आकाशात मात्र पट्टे उमटतात. लोगोसाठी एसव्हीजी (SVG), म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी फाइल.

बाकीचं पटापट: रंग एसआरजीबीत (sRGB, वेबवरचा नेहमीचा रंगसंच), फाइलींची नावं छोट्या रोमन अक्षरांत आणि स्पेसशिवाय, टॅगमध्ये रुंदी-उंची, म्हणजे पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही. लेझी लोडिंग (वाचक जवळ आला की मगच फोटो उतरवणं) खालच्या फोटोंना, बॅनरला नाही. ऑल्ट टेक्स्ट (फोटो न दिसणाऱ्यांसाठीचं वर्णन) ‘फोटो १’ नको, ‘अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या’ असं हवं. आणि फोटोत दडलेलं जीपीएस लोकेशन पुसा; होमस्टेचा पत्ता साइटवर असतोच, मालकाच्या घरचा कशाला?